नामयाच्या घरचे लेखन

वालूरची चक्राकार पायऱ्यांची बारव पाहायला लोक दुरून येतात. त्याच परभणी जिल्ह्यात गोदाकाठी जनाबाईचे गंगाखेड आहे, आणि १९९९ साली हिंगोली जिल्हा वेगळा होईपर्यंत नरसी नामदेव हे गावही याच जिल्ह्यात होते. (नामदेवांच्या जन्मस्थळाचा वाद येथे नको, पंढरपूरचाही त्यावर हक्क सांगतात.) एका कुटुंबाने मिळून श्रद्धेचा इतिहास लिहावा, हा प्रकार मराठीत एका घरात जेवढा फळला तेवढा क्वचितच दुसरीकडे फळला असेल. गोणाई, राजाई, नारा, विठा, गोंदा, महादा, लाडाई आणि शेवटी दासी जनी: गाथांच्या छापील प्रतींत साऱ्यांच्या नावाचे अभंग आहेत.

ते सारे त्यांचेच असतील असे मला वाटत नाही. सोळाव्या शतकातील विष्णुदास नाम्याची रचना नामदेवांच्या रचनेत मिसळली, तशी इतरांचीही मिसळली असणार. गोणाई विठ्ठलाशी भांडते, पोटचा पोर परत माग म्हणते. राजाई घरातल्या दारिद्र्याचे गाऱ्हाणे रखुमाईकडे नेते. हे अभंग नामदेवांनीच त्यांच्या तोंडी घातले असे धरले, तर नामदेव मोठेच कादंबरीकार ठरतात, कारण सर्वांत सबळ युक्तिवाद त्यांनी आपल्या विरोधकांना दिला आहे. आजच्या संतचरित्रपर कादंबऱ्यांत पत्नी पहिल्या प्रकरणात कुरकुर करते आणि तिसऱ्यात तिला साक्षात्कार होतो. राजाईला अशी सवलत नाही. तिची चूल विझलेलीच राहते.

पण मला सर्वांत विचार करायला लावतो तो समाधीचा प्रसंग. ज्ञानदेवांच्या १२९६ मधील समाधीचे वर्णन करताना नामदेव देवालाही रडवतात, आणि समाधीची जागा झाडायला पाठवतात ती आपलीच मुले: नारा, विठा, गोंदा, महादा! नामदेवांचा जन्म परंपरेने १२७० चा. म्हणजे त्या वेळी त्यांचे वय सव्वीस. चार कर्ते मुलगे कोठून येणार? इतिहास म्हणून हे टिकत नाही. परंतु लेखकाने त्या घटनेत आपल्या घरासाठी कोणती जागा मागितली, ते पाहावे. देवाशेजारची नव्हे, केरसुणीची. पुढे कोणी नातवाने ही भर घातली असली, तरी मागणी तीच राहते.

जनीचे मात्र अवघड आहे. कामात ती घरची, नात्यात दासी. आणि कवी म्हणून घरात नामदेवांखेरीज तिच्या तोडीचे कोणी नाही. दळणकांडणात देवाला हाताशी घेणारी ही बाई सही करताना ‘नामयाची’ म्हणवते. ही नम्रता म्हणून आपण फार लवकर मान डोलावतो. एकत्र लिहिणाऱ्या घरात नाव कोणाच्या नावाखाली जाते, हा प्रश्न तिने अभंगाच्या शेवटच्या चरणात दर वेळी उघडा ठेवला आहे.

१३५० साली पंढरपूरच्या महाद्वारी सारे घर नामदेवांबरोबर समाधिस्थ झाले, अशी कथा आहे. सून लाडाई तेवढी बाळंतपणासाठी माहेरी होती. त्या समाधीची हकिगत सांगणारा अभंग तिच्याच नावावर आहे.