अँटन बॉइसन यांचे आत्मकथन आणि चॅप्लेनचे प्रमाणपत्र : एक चिकित्सा

अमेरिकेतील रुग्णालयांत आजारी माणसाला व त्याच्या कुटुंबाला आध्यात्मिक सोबत देणाऱ्या व्यक्तीस चॅप्लेन म्हणतात. 'धर्मोपदेशक' हा मराठी शब्द येथे फसवा ठरतो, कारण या व्यवसायात उपदेश करणे हाच दोष मानला जातो. या व्यवसायाच्या शिक्षणपद्धतीचे मूळ अँटन बॉइसन (१८७६-१९६५) यांच्या कार्यात सापडते. त्यांचे 'आउट ऑफ द डेप्थ्स' (१९६०) हे आत्मकथन प्रमाणीकरणाच्या आजच्या प्रक्रियेसमोर ठेवून वाचले असता, ज्याच्या आजारातून ही पद्धत जन्मली त्याच्या लेखनाला ती स्वीकारील काय, असा प्रश्न उपस्थित होतो.

१९२० च्या शरद ऋतूत बॉइसन धर्मसेवेत परतण्यासाठी प्रेस्बिटेरियन मंडळीकरिता आपल्या श्रद्धेचे निवेदन लिहीत होते. म्हणजेच, आजच्या भाषेत, ते पात्रतेचा निबंध लिहीत होते. त्या लेखनातच त्यांचे मन उसळले. जगावर संकट येत आहे, दुर्बलांनी सबलांसाठी प्राण द्यावेत, अशा विलक्षण कल्पना अनावरपणे सुचू लागल्या. ऑक्टोबरमध्ये त्यांना बोस्टनच्या मनोरुग्णालयात व तेथून वेस्टबरो येथे नेण्यात आले. तेथून ते जानेवारी १९२२ मध्ये बाहेर पडले. आत्मकथनातील हा भाग सर्वांत समर्थ आहे. आपल्या भ्रमांना ते हसत नाहीत, त्यांचे उदात्तीकरणही करत नाहीत. वनशास्त्राचे शिक्षण घेतलेला हा माणूस जंगलाची पाहणी करावी तशी आपल्याच मनाची नोंद करतो. काही मनोविकार ही अंतर्यामीच्या संघर्षातून वाट काढण्याची धडपड असते व धार्मिक अनुभवाशी त्यांचे नाते असते, हे त्यांचे प्रतिपादन याच नोंदींवर उभे आहे.

१९२४ मध्ये ते वूस्टरच्या मनोरुग्णालयात चॅप्लेन झाले आणि १९२५ मध्ये त्यांनी धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांना रुग्णांत काम करावयास बोलावले. ग्रंथांप्रमाणेच 'जिवंत मानवी दस्तऐवज' वाचावेत, हा त्यामागील विचार होता. या उपक्रमाला डॉ. रिचर्ड कॅबट यांचे पाठबळ होते. १९३० मध्ये बॉइसन पुन्हा आजारी पडले, तेव्हा मात्र मनोविकाराचे कारण शारीरिक-रासायनिक मानणारे कॅबट दुरावले. बॉइसन १९३२ मध्ये इलिनॉयमधील एल्जिनला गेले. चळवळ पुढे गेली, पण तिच्या संस्थापकाचे स्थान तिच्या कडेला राहिले.

आज प्रमाणित चॅप्लेन होऊ इच्छिणाऱ्याला पदव्युत्तर शिक्षण, आपल्या धर्मसमुदायाची संमती आणि किमान ४०० तासांचे एक याप्रमाणे क्लिनिकल पास्टोरल एज्युकेशनचे चार टप्पे पूर्ण करावे लागतात. शिवाय स्वतःच्या भावना व गृहीतके कामावर कशी परिणाम करतात हे लिहून दाखवावे लागते आणि समितीच्या मुलाखतीस सामोरे जावे लागते. या काटेकोरपणाची आवश्यकता नाकारता येणार नाही. मरणोन्मुख माणसाच्या खोलीत अप्रशिक्षित व्यक्तीने शिरणे धोक्याचे असते. तथापि निबंधाचा साचा ठरलेला आहे : जखम झाली, तिचे आकलन झाले, ती आता कामी येते. बॉइसन यांची कथा या साच्यात मावत नाही. त्यांची जखम भरत नाही. आजार परत येतो आणि आकलन झाल्यावरही येतो.

असे असले तरी या ग्रंथाची मोठी उणीव दुर्लक्षून चालणार नाही. १९०२ पासून बॉइसन यांनी जिच्यावर एकतर्फी प्रेम केले, त्या ॲलिस बॅचेल्डर यांना या कथनात मध्यवर्ती स्थान आहे. त्यांचे १९३५ मध्ये निधन झाले व पुढील वर्षी प्रसिद्ध झालेला 'द एक्स्प्लोरेशन ऑफ द इनर वर्ल्ड' हा ग्रंथ बॉइसन यांनी त्यांच्या स्मृतीला अर्पण केला. परंतु वाचकाला भेटते ती बॉइसन यांना उद्धारासाठी हवी असलेली ॲलिस; तिला या आग्रहाचे किती ओझे झाले असेल, हा प्रश्न लेखक पुरेसा विचारत नाही. प्रशिक्षणातील 'व्हर्बेटिम' या लेखनप्रकारातही हीच अडचण वेगळ्या रूपाने दिसते. रुग्णाशी झालेले संभाषण विद्यार्थी नंतर आठवून शब्दशः लिहून काढतो, त्यावर गटात चर्चा होते, त्याच्या उणिवा दाखवल्या जातात. रुग्णाचे शब्द त्यात असतात, पण ते विद्यार्थ्याला आठवले तेवढेच आणि आठवले तसे. कागद वाचला जातो तेव्हा रुग्ण त्या खोलीत नसतो.