ग्रंथ चांगला, पण अधिकारी कोण?

मागच्या व्याख्यानानंतर आमच्या हातात एक चिठ्ठी आली. लिहिणारे दिंडोरीकडचे द्राक्ष बागायतदार. त्यांनी लिहिलं होतं, "मुलगा एमबीएला आहे, त्याला कोटलरचं मार्केटिंगचं पुस्तक घ्यायला सांगितलंय. महाग आहे. मी पंचवीस वर्षं माल विकतोय. एकच पुस्तक आम्हां दोघांना उपयोगी पडेल का?" आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, त्यामुळे हा प्रश्न आमच्या अंगणातला नाही असं कुणी म्हणेल. आम्हाला मात्र तो अगदी आमचाच वाटला.

आपल्याकडे शास्त्रग्रंथाच्या आरंभी चार गोष्टी सांगायची रीत होती. विषय काय, प्रयोजन काय, ग्रंथाचा विषयाशी संबंध काय, आणि अधिकारी कोण. यालाच अनुबंधचतुष्टय म्हणतात. अधिकारी म्हणजे साहेब नव्हे हं! ज्याची हा ग्रंथ वाचण्याची तयारी झाली आहे, तो अधिकारी. पुस्तक चांगलं की वाईट हे विचारण्याआधी ते कुणासाठी हे विचारा, असं ही परंपरा सांगते. अॅरिस्टॉटलही नीतिशास्त्राच्या आरंभीच सांगतो की राज्यशास्त्राच्या व्याख्यानाला तरुण हा योग्य श्रोता नाही, कारण त्याच्या गाठीला जगण्याचा अनुभव नाही. आणि पुढे लगेच जोडतो, की हा कच्चेपणा वयाचाच असतो असं नाही.

आता पुस्तकाकडे येऊ. फिलिप कोटलर यांचं 'मार्केटिंग मॅनेजमेंट' पहिल्यांदा 1967 मध्ये आलं. पुढे केविन केलर सहलेखक झाले आणि दक्षिण आशियाई आवृत्तीत कोशी आणि झा यांनी भारतीय उदाहरणं घातली. पुस्तकाचा गुण मोठा आहे. विखुरलेल्या व्यवहाराला त्याने एक चौकट दिली. वस्तू, किंमत, वितरण, प्रसिद्धी ही चौकडी मूळची मॅकार्थी यांची, 1960 सालची. पण ती घरोघरी पोचवली कोटलर यांनी.

मग अडतं कुठे? दुसऱ्याच प्रकरणात कंपनीची व्यूहरचना आणि मार्केटिंगचा आराखडा येतो. म्हणजे काय, तर वाचणारा एखाद्या कंपनीत टेबलामागे बसलेला आहे, हे गृहीत धरलंय. अमेरिकेत एमबीएला येणारा विद्यार्थी बहुधा काही वर्षं नोकरी करून आलेला असतो. आपल्याकडे बरीचशी मुलं पदवीची परीक्षा देऊन थेट येतात. पुस्तक तेच, अभ्यासक्रमाचं नावही तेच, पण अधिकारी बदलला! गंमत म्हणजे कोटलर यांना हे माहीत होतं. नवशिक्यांसाठी त्यांनी 1980 मध्ये 'प्रिन्सिपल्स ऑफ मार्केटिंग' हे वेगळं पुस्तक काढलं. आपल्या अन्नंभट्टांनीही हेच केलं होतं. बालवाचकांसाठी 'तर्कसंग्रह' लिहिला, आणि पुढच्या पायरीवरच्यांसाठी त्यावर स्वतःच 'दीपिका' ही टीका लिहिली.

इथे आमची एक चूक कबूल करतो. ओळखीतल्या एका तरुणाला बेदाण्याचा धंदा करायचा होता. आम्ही मोठ्या उत्साहाने हाच जाडजूड ग्रंथ त्याच्या हातात ठेवला. त्याने बाजाराची विभागणी केली, ब्रँडचं नाव ठरवलं, रंगीत खोकी छापून आणली. पहिला किलो विकण्याआधीच अंगावर कर्ज झालं. दोष पुस्तकाचा नव्हता, देणाऱ्याचा होता. त्याला आधी चार दुकानदारांकडे पिशवी घेऊन पाठवायला हवं होतं.

आता अनुभवी वाचक घ्या. लासलगावला कांदा घेऊन जाणाऱ्या शेतकऱ्याला किंमत 'ठरवण्याचं' प्रकरण वाचून हसू येईल. त्याची किंमत लिलावात ठरते. त्याच्या हातात एवढंच, की उन्हाळ कांदा चाळीत किती दिवस ठेवायचा. आणि 8 डिसेंबर 2023 ला निर्यातबंदी आली, ती 4 मे 2024 पर्यंत टिकली, तेव्हा तेही गणित कोलमडलं. पुस्तकात सरकारी धोरण आहे, पण 'परिस्थिती' या सदरात. आपल्या जिल्ह्यात तेच कधीकधी मुख्य पात्र असतं.

म्हणून अनुभवी माणसाला हे पुस्तक निरुपयोगी का? मुळीच नाही. 2010 मध्ये युरोपात आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट या वाढनियंत्रकाचे अंश सापडले आणि माल अडकला. द्राक्षं तर गोडच होती! तेव्हा ज्याने अनुभवातून फक्त 'माल चांगला की विकतो' एवढंच शिकलं होतं, त्याला धक्का बसला. गिऱ्हाईक द्राक्षाबरोबर खात्री विकत घेतं, ही गोष्ट पुस्तक नेमकी शिकवतं. अनुभव खोल असतो, पण अरुंद असू शकतो. पुस्तक त्याला रुंदी देतं.

तर आमचा निवाडा असा. अगदी नवख्याने या ग्रंथापासून सुरुवात करू नये. सोपं पुस्तक घ्यावं, आणि त्याबरोबर महिनाभर कुठल्या तरी दुकानात उभं राहावं. तीन-चार वर्षं काम केलेल्याने तो सलग वाचावा, त्याच्यासाठीच तो आहे. मुरलेल्या व्यावसायिकाने तो शब्दकोशासारखा वापरावा. अडलं की प्रकरण उघडावं, आणि न पटलेल्या जागी समासात आपला अनुभव लिहावा.

चिठ्ठी लिहिणाऱ्या गृहस्थांना एवढंच सांगू, की पुस्तक एकच घ्या, पण दोघांनी मिळून वाचा. मुलाने संकल्पना सांगावी, तुम्ही विचारावं, "आपल्या बागेत हे कुठे दिसतं?" त्याला उत्तर आलं तर तो अधिकारी झाला. नाही आलं, तर दुसऱ्या दिवशी त्याला माल घेऊन बाजारात पाठवा.