व्यसनमुक्तीची जाहिरात: चेहरा कुणाचा, पैसे कशाचे?

अंधेरीला मेट्रोतून उतरून लोकलच्या पुलाकडे येताना, किंवा बोरिवलीला तिकीट खिडकीच्या आसपास, हातात फाइल घेतलेली मुलं आपल्याला थांबवतात. ‘सर, दोनच मिनिटं.’ आपण घाईत असतो. बरेच जण मान हलवून पुढे जातात, काही जण पाचशेची नोट काढतात. आज आपण जरा थांबून त्या फाइलमधल्या फोटोकडे बघू या.

व्यसनमुक्तीसाठी मदत मागणाऱ्या जाहिरातीत बहुतेक वेळा फोटोंची जोडी असते. डावीकडे ‘आधी’: काळापांढरा, दाढी वाढलेला, भिंतीला टेकून बसलेला माणूस. उजवीकडे ‘नंतर’: रंगीत, इस्त्रीचा शर्ट, शेजारी बायको, मांडीवर मूल. मध्ये एक पांढरी रेघ. खाली रक्कम आणि 80जीची सवलत.

आता बघा, सगळी गोष्ट त्या रेघेत आहे. हात थरथरण्याचे पहिले दिवस, समुपदेशकाशी घातलेले वाद, पगार बायकोच्या हातात देतानाचा अपमान, तिचा न बसणारा विश्वास, आणि सहाव्या महिन्यात एखाद्या लग्नात घेतलेला एक पेग. अमेरिकेतली अमली पदार्थांवर संशोधन करणारी सरकारी संस्था, एनआयडीए, सांगते की उपचारानंतर पुन्हा व्यसनाकडे वळण्याचं प्रमाण 40 ते 60 टक्के आहे, म्हणजे दमा किंवा रक्तदाबासारख्या जुनाट आजारांइतपतच. डॉक्टरांना हे ठाऊक असतं. जाहिरातीला मात्र ते परवडत नाही, कारण अर्धवट बरा झालेला माणूस फोटोत कसा दाखवणार? मग समजा, ‘नंतर’मधला माणूस पुन्हा प्यायला. त्याने जायचं कुठे? ज्या केंद्राच्या भिंतीवर तो यशोगाथा म्हणून टांगलेला आहे, तिथेच ना? त्या दारातून आत शिरायला किती हिंमत लागेल, याचा विचार करा.

पण संस्थांची बाजूही ऐकायला हवी. 2007 साली स्मॉल, लोवेनस्टीन आणि स्लोविक या अभ्यासकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना पाच डॉलर दिले आणि त्यातून दान मागितलं. काहींना रोकिया नावाच्या एका भुकेल्या मुलीबद्दल सांगितलं, काहींना दुष्काळाची आकडेवारी दिली. रोकियासाठी सरासरी 2.38 डॉलर निघाले, आकडेवारीसाठी 1.14. आणि गंमत अशी, की मुलगी आणि आकडे दोन्ही एकत्र सांगितले तेव्हा फक्त 1.43. म्हणजे पूर्ण चित्र दाखवलं की खिशातला हात आखडतो! हा निष्कर्ष आमच्या म्हणण्याला अडचणीचा आहे, आणि तो टाळून पुढे जाणं बरोबर नाही. एकच चेहरा दाखवणारा जाहिरातदार मूर्ख नसतो. तो आपल्याला ओळखून असतो.

एक चेहरा आपण सगळ्यांनी पाहिलाय. मुकेश. भुसावळचा, 24 वर्षांचा, गुटख्याने तोंडाचा कर्करोग झालेला. ही जाहिरात देणगीची नव्हे, भीतीची. ऑक्टोबर 2012पासून चित्रपटगृहांत सिनेमाआधी दिसू लागली. तो स्वतः 2009 सालीच गेला होता. आणि आपण काय केलं? त्याच्या वाक्याच्या नकला केल्या, विनोद फिरवले. घाटकोपर-मुलुंडच्या मल्टिप्लेक्समध्ये पॉपकॉर्न खात लोक ते वाक्य त्याच्याबरोबर म्हणायचे. एकच चेहरा शेकडो वेळा दाखवला की आधी धक्का जातो, मग दया जाते, आणि उरतो तो नुसता परिचय.

आपल्याकडे दुसरी वाटही होऊन गेली आहे. अनिल अवचटांनी ‘गर्द’ ही लेखमाला लिहिली. जाहिरातीच्या हिशेबाने बघितलं तर सगळंच चुकलेलं: एक नायक नाही, पोरं अनेक, त्यांचे आईबाप, विकणारे, पुरवणारे. खाली रक्कमही लिहिलेली नाही. ते लेख वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले आणि त्यांनी एक लाख रुपये देऊ केले. त्यातून 29 ऑगस्ट 1986 रोजी पुण्यात ‘मुक्तांगण’ सुरू झालं, मनोविकारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचटांनी ते उभं केलं. हे पैसे कुठल्या एका मुलासाठी आलेले नव्हते. आता सगळेच काही पु. ल. नसतात, हे मान्य. पण वाचकाला आख्खी भानगड समजावून सांगितली तरी तो देतो, याचा हा पुरावा आहे, आणि तो आपल्याच भाषेतला आहे.

अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसने तर प्रश्नच मिटवून टाकला. त्यांच्या परंपरांनुसार बाहेरून देणगी घ्यायची नाही, आणि वर्तमानपत्र, रेडिओ, चित्रपट यांत सभासदाने आपली ओळख उघड करायची नाही. खर्च सभासदच वर्गणीतून भागवतात. अर्थात निवासी उपचार, डॉक्टर, औषधं, रात्रपाळीचे कर्मचारी हे काही अशा वर्गणीतून चालणार नाहीत. केंद्रांना मागावंच लागणार.

मग मागावं कसं? निदान कायद्याची आठवण ठेवून. 2017च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात दारू आणि अमली पदार्थांमुळे होणारे मानसिक त्रासही येतात. उपचार घेणाऱ्याचा फोटो किंवा माहिती त्याच्या संमतीशिवाय माध्यमांना देता येत नाही. पण संमती म्हणजे नेमकी कसली? दाखल असताना, बिल माफ होतंय, सगळे आपल्याशी चांगलं वागताहेत, अशा वेळी समोर आलेल्या कागदावर केलेली सही? आणि शेजारी उभ्या असलेल्या बायकोचं काय? तिला वेगळं विचारलं होतं का?

समुपदेशकाच्या पगारासाठी पैसे मागा. घरी गेलेल्या माणसाला वर्षभर फोन करणाऱ्या कार्यकर्त्यासाठी मागा. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा परत येणाऱ्यासाठी राखून ठेवलेल्या खाटेसाठी मागा, आणि तो परत येणार आहे हे तोंडाने सांगा. पैसे कदाचित कमी येतील.

आणि पुढच्या वेळी पुलावर कुणी फाइल उघडली, तर त्या पोराला हिडीसफिडीस करू नका, ते बिचारं उन्हात उभं असतं. फक्त एवढंच विचारा: हा फोटोतला माणूस आज कुठे आहे, आणि अजून आपण या फाइलमध्ये आहोत हे त्याला माहीत आहे का?