लोट्याला न विचारलेला प्रश्न

वस्तू मुकी असते, पण ती हुकूम सोडते. उंबरठा सांगतो, इथे थांब. दाराबाहेर वेगळा ठेवलेला कप सांगतो, तुझी जागा ही. गावगाड्याने जात नुसती पोथीत लिहिली नाही. ती दगडात, लाकडात आणि चिनी मातीत उतरवली. वाईचा कृष्णेचा घाट पाहायला माणसे लांबून येतात, पायऱ्यांच्या बांधणीचे कौतुक करतात. कौतुक रास्तच आहे. पण नदीकाठच्या गावोगावी वरच्या अंगाला सवर्णांचा पाणवठा आणि खालच्या अंगाला महारामांगांचा, ही वाटणी काही प्रवाहाने केलेली नव्हती. तीही माणसाने केलेली रचनाच होती.

आज डिझाइनच्या शाळांतले विद्यार्थी रोजच्या वागण्याला वळण लावणारे प्रकल्प करतात. लोकांनी हात धुवावेत, कचरा डब्यात टाकावा, रांग मोडू नये, यासाठी ते वस्तू आणि मोबाइलचे पडदे घडवतात. हेतू चांगला आहे. पण कोणाचे वागणे बदलायचे, हे कोण ठरवतो?

या शिक्षणाच्या मुळाशी चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन दांपत्याने १९५८ साली भारत सरकारला दिलेला अहवाल आहे. त्यातून १९६१ साली अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. अहवालात आपल्या साध्या लोट्याची मनापासून स्तुती आहे. त्यात पाणी किती मावावे, तो डोक्यावर न्यायचा की कमरेवर, हात केवढा, तोल कसा, धार कशी पडेल, किंमत काय, असे बारकाईचे प्रश्न विचारले आहेत. मात्र एक प्रश्न त्या यादीत नाही: या लोट्याला कोणी शिवायचे नाही? ज्यांनी पिढ्यानपिढ्या वरून सोडलेली धार ओंजळीत झेलली, त्यांना लोट्याच्या काठाचे वळण नुसते सुंदर कसे दिसेल? ते अंतर राखून पाणी वाढण्याची सोयही होते. ज्या सौंदर्यदृष्टीला हात दिसतो पण हाताची जात दिसत नाही, ती दृष्टी अर्धी आहे.

जोतीरावांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. हौदाचा आकार बदलला नाही; बदलला तो वापराचा नियम. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले, तेव्हाही तळ्याचा एक दगड हलला नव्हता.

ही जुनी गोष्ट आहे, असे कोणी म्हणेल. १९ मार्च २०२४ रोजी झोमॅटोने 'शुद्ध शाकाहारी' जेवणासाठी वेगळा ताफा जाहीर केला, हिरवा गणवेश आणि हिरवी पेटी यांसह. टीका झाली. लाल गणवेशातल्या कामगाराला सोसायट्या अडवतील, ही भीती कंपनीलाच मान्य करावी लागली आणि दुसऱ्याच दिवशी, नेमक्या २० मार्चला, हिरवा गणवेश मागे घेतला गेला. ताफा मात्र तेव्हा कायम ठेवला. पडद्यावरचे एक बटण आणि सदऱ्याचा एक रंग सोवळे-ओवळे पुन्हा रस्त्यावर आणू शकतो, हे त्या एका दिवसात दिसले.

उलट दिशेचेही उदाहरण आहे. केरळात कुट्टिप्पुरमच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेल्या तरुणांनी 'बँडिकूट' हे गटार साफ करणारे यंत्र बनवले. २०१८ साली ते तिरुवनंतपुरमला कामाला लागले. मॅनहोल या शब्दातच माणूस आहे. भोक केले तेच माणूस आत उतरेल असे धरून. २०१३ च्या कायद्यानंतरही गटारात माणसे मरत राहिली. या यंत्राने माणसाला वर ठेवले आणि पूर्वी आत उतरणाऱ्यालाच ते चालवायला शिकवले. हे काम मोलाचे आहे. तरी समीक्षकाने पुढचे विचारलेच पाहिजे: यंत्राच्या पडद्यापुढेही पिढ्यानपिढ्या त्याच वस्तीतला माणूस उभा राहणार असेल, तर यंत्राने जीव वाचवला, पण जातीने नेमून दिलेले काम मोडले काय?

म्हणून डिझाइनच्या विद्यार्थ्यांकडे आपली मागणी साधी आहे. वस्तू घडवण्याआधी ती कोण वापरील एवढेच विचारू नका. ती कोणाला वापरू दिली जाणार नाही, तिच्यामुळे कोण कोणापासून दूर उभा राहील आणि ती मोडली तर घाण कोण उपसेल, हेही विचारा. आणि बदलायचेच असेल, तर सोसणाऱ्याच्या आधी हुकूम सोडणाऱ्याचे वागणे बदला.