वजनदार षड्ज

संगीतावर लिहिणारे लोक सुरावर लिहितात, तालावर लिहितात, गायकाच्या घराण्यावर लिहितात आणि जागा उरलीच तर गायकाच्या शालीवर लिहितात. संगीताच्या वजनावर मात्र कोणी लिहीत नाही. तो विषय हमालांचा, असा एक समज आहे. माझं शिक्षण बी. कॉम.पर्यंतच झालेलं असल्यामुळे किलो, वॅट आणि नग यांत मोजता येणाऱ्या कलेबद्दल मला विशेष आस्था वाटते. तेव्हा आजची ही समीक्षा वजनी मापाने.

विषय आहे 'रोलिंग स्टोन्स' या इंग्रज मंडळींची 'गेट यर या-याज आउट!' ही तबकडी. 1969 च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्यांचे जलसे झाले, त्यातलं हे बहुतेक ध्वनिमुद्रण. 1970 साली ते बाजारात आलं. मुखपृष्ठावर ड्रम वाजवणारे चार्ली वॉट्स हातांत गिटारी घेऊन हवेत उडी मारताहेत आणि शेजारी एक गाढव उभं आहे. गाढवावर ड्रम आणि गिटारी लादलेल्या. मी भिंग लावून पाहिलं, ॲम्प्लिफायर कुठेही नाही. छायाचित्रकाराला भूतदया सुचली की गाढवाने लेखी नकार दिला, याचा उल्लेख तबकडीवर नाही.

नकार दिला असल्यास मी गाढवाच्या बाजूचा आहे. त्या दौऱ्यात मंडळींबरोबर होता तो 'ॲम्पेग एसव्हीटी', 1969 सालीच जन्माला आलेला. 300 वॅट आणि 14 व्हॉल्व्ह! नुसतं वरचं खोकं 40 किलोंच्या घरात. त्याखाली दहा इंची आठ स्पीकर बसवलेलं कपाट, ते आणखी जड. त्याच्या हल्लीच्या अवताराचा काटा 60 किलोंच्या पुढे जातो. आजोबांच्या रेडिओत असायचे तसलेच हे व्हॉल्व्ह. आधी तापणार, मग बोलणार. वजन मात्र काचेच्या व्हॉल्व्हचं नसतं. ते ट्रान्सफॉर्मरमधल्या लोखंडाचं आणि तांब्याचं. सूर जितका खाली आणि ताकद जितकी जास्त, तितकं लोखंड जास्त लागतं. खर्ज हा सगळीकडेच महाग.

असला एक ऐवज माझ्या भाच्याने त्याच्या कॉलेजच्या कार्यक्रमासाठी भाड्याने आणला होता. सभागृह दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद.

"मामा, तुम्ही खालून धरा."

"अरे, यात आहे तरी काय?"

"आवाज."

पहिल्या मजल्यावर आम्ही चौघांनी आवाज खाली टेकवला आणि पाणी प्यायलो.

आता मूळ तबकडीकडे. बास वाजवणारे बिल वायमन. बाकीची मंडळी रंगमंचावर थयथयाट करत असताना हा गृहस्थ बास उभी धरून एका जागी निश्चल. तोंडावर रेघ हलत नाही. महिनाअखेरीला रोकड मोजणाऱ्या कॅशियरचा चेहरा असाच असतो, म्हणून मला ते एकदम घरचे वाटले. 'लिव्ह विथ मी' या गाण्याची सगळी मजा बासमध्ये आहे आणि गंमत अशी, की स्टुडिओतल्या मूळ मुद्रणात ती बास वाजवली होती कीथ रिचर्ड्सने. प्रत्यक्ष जलशात ती चाल वायमनना सांभाळावी लागते. दुसऱ्याने उघडलेलं खातं आपण चालवायचं! ते त्यांनी चोख चालवलं आहे. 'मिडनाइट रॅम्बलर' हे नऊ मिनिटांचं गाणं मध्येच धावतं, मध्येच बसतं, मध्येच श्वास रोखून उभं राहतं. त्या बसण्या-उठण्यात गाणं मोडत नाही, कारण खाली कोणीतरी जमीन धरून आहे.

दोष एकच. एका बाजूला कीथ रिचर्ड्सची गिटार, दुसऱ्या बाजूला मिक टेलरची. दोघी जावांसारख्या बोलत राहतात आणि मधली बास सासऱ्यांसारखी गप्प वाटते. हा दोष पुष्कळसा आपल्या घरचा. बासची सगळ्यांत जाड तार सेकंदाला साधारण 41 वेळा थरथरते. मोबाइलच्या बोटभर स्पीकरला तेवढं खाली उतरताच येत नाही. म्हणजे तबकडीने सूर घरपोच केला, वजन तिकडेच गार्डनमध्ये ठेवलं.

हल्ली दोन-तीन किलोंचे ॲम्प्लिफायर मिळतात. ऑफिसच्या पिशवीत डब्याशेजारी मावतील. शिवाय बासची तार थेट सभागृहाच्या यंत्रणेला जोडतात, त्यामुळे शेवटच्या रांगेपर्यंत आवाज नेण्याची जबाबदारीही त्या कपाटावर राहिलेली नाही. मग हे ओझं वाहायचं कशाला? मी भाच्याला हिशेबी माणसासारखं विचारलं.

"लोकांसाठी नाही मामा. मागून पोटरीला थरथर लागते ना, तेव्हा माझा हात डळमळत नाही."

यावर मी गप्प बसलो. तंबोरा धरून मागे बसलेल्या माणसाकडे मैफलीत कोण बघतं? पण तो थांबला की गवयाला पायाखालची पायरी सापडत नाही. आमच्याकडे दिवसाची बेरीज जुळली तर कोणी टाळ्या वाजवत नाही; एक रुपया कमी पडला की मॅनेजरसाहेबांसकट सगळे उभे! वायमन 1993 साली मंडळीतून निघाले आणि जलसे पुढे चालू राहिले. मागच्या माणसाचं असंच असतं.

तेव्हा माझा अभिप्राय असा. तबकडी ऐकावी. बऱ्यापैकी मोठ्या स्पीकरवर, जमिनीवर बसून ऐकावी. गायकाकडे एकदा तरी साफ दुर्लक्ष करावं आणि खालची ओळ बोटाने धरून शेवटपर्यंत जावं. गुण द्यायचे झाले तर शंभरपैकी पंचाऐंशी. राहिलेले पंधरा, ज्यांनी ते कपाट उचलून वर नेलं, त्यांना विभागून.