धुराचे रसग्रहण

दिवाळी अंक घरात आला की तो आधी आजीच्या हातात पडेल की नातवाच्या, हे कोणी सांगावे! म्हणून ह्या लेखाचा विषय आरंभीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना पान उलटायचे असेल त्यांना ते वेळीच उलटता येईल. विषय आहे व्हिस्की. आणि तीही धुराच्या वासाची. मी शाळामास्तर आहे, फावल्या वेळात कादंबऱ्या लिहितो, पिणारा नव्हे. उभ्या जन्मात जेवढी प्यालो तेवढी एका पेल्यात मावेल, आणि त्या पेल्यातही पाणीच अधिक असेल. शिवाय ज्या विदर्भात बायाबापड्यांनी दारूविरुद्ध मोर्चे काढले, जेथे गडचिरोली जिल्ह्यात १९९३ साली दारूबंदी झाली, चंद्रपुरात ती २०१५ साली आली आणि २०२१ साली उठली, त्या विदर्भात राहून दारूचे गोडवे गाण्याइतका मी बेपर्वा नाही. परंतु एखादी चव कधीकधी मनात असा प्रश्न उभा करते की तो त्या चवीपेक्षा मोठा असतो. मला पडलेला प्रश्न वाङ्मयाच्या पंगतीतला आहे. म्हणून त्याचे पान वाङ्मयाच्या अंकात मांडतो आहे.

गेल्या मे महिन्यात मडगावला भाच्याकडे गेलो होतो. जेवणाआधी त्याने कपाटातून एक बाटली काढली आणि म्हणाला, “मामा, हिच्यावर तुम्ही काय म्हणता ते मला ऐकायचं आहे. पिऊ नका हवी तर. वास तरी घ्या.” बाटली गोव्याचीच होती. मडगावपासून जवळच कुंकळ्ळी आहे. तेथे पॉल जॉन नावाची सिंगल माल्ट व्हिस्की होते. सिंगल माल्ट म्हणजे एकाच भट्टीतली आणि निव्वळ मोडाच्या जवाची. ही व्हिस्की २०१२ साली आधी इंग्लंडात विकली गेली आणि नाव मिळवून मग आपल्या लोकांच्या नजरेस पडली. परक्याने वाखाणल्यावर घरच्यांनी दखल घ्यावी, ही आपली रीत नवी नाही. भाच्याने काढलेली बाटली तिच्यातल्या धुरकट जातीची, ‘पीटेड सिलेक्ट कास्क’ होती; मद्यार्क शेकडा साडेपंचावन्न. शेजारी तुलनेसाठी त्याने लफ्रॉइग ह्या स्कॉच व्हिस्कीचा एक घोट ओतून ठेवला. लफ्रॉइगची भट्टी १८१५ सालची, स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील एका बेटावरची. त्या बेटाच्या नावाचा उच्चार ‘आयला’ असा आहे. मास्तराने वर्गात उच्चारू नये असे नाव. पण भूगोलापुढे कोणाचे चालत नाही.

पेला नाकाशी नेला आणि मी दचकलो. पेल्यात दारू नव्हतीच. आमच्या वाशीमच्या जुन्या घरातली चूल होती. श्रावणातली ओली गोवरी, पेट घेईना म्हणून फुंकणीने फुंकून फुंकून लाल झालेले डोळे, उतू जाऊन निखाऱ्यावर पडलेले दूध — सगळे त्या बोटभर द्रवातून वर आले. भाचा एका पुस्तकातून अशा व्हिस्कीची जाणत्यांनी केलेली वर्णने वाचून दाखवीत होता: समुद्रातले शेवाळ, डांबर, आयोडीन, इस्पितळातली मलमपट्टी. मी आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहिला तो पंचविसाव्या वर्षी. त्याच्या शेवाळाचा वास माझ्या नाकाला काय आठवण करून देणार? मी त्याला म्हटले, “अरे, ही गोवरी आहे.”

आणि ते अगदीच खोटे नव्हते. पीट म्हणजे दलदलीतले शेवाळ, गवत, झुडपे हजारो वर्षे पाण्याखाली अर्धवट कुजून झालेली काळी माती. तिचा थर वर्षाला जेमतेम एखादा मिलिमीटर वाढतो. आयला बेटावर झाडे थोडी; तेव्हा लोक ही माती फावड्याने विटांसारखी कापीत, रचून वाऱ्यावर वाळवीत आणि चुलीत घालीत. आपल्या बाया उकिरड्याशेजारी गोवऱ्यांचे उडवे रचतात त्याचाच हा चुलतभाऊ. व्हिस्कीसाठी जव भिजवून त्याला मोड आणतात आणि मोड वाढू नये म्हणून ते भट्टीवर वाळवतात. भट्टीत जळण म्हणून पीट. त्याचा धूर ओल्या मोडाला चिकटतो आणि पुढे कितीही गाळले तरी सुटत नाही. म्हणजे ज्या वासाला आज रसिक मान डोलावतात तो मुळात कोणी रुचीसाठी निवडलेला नव्हता. लाकूड नव्हते म्हणून माती जाळली, आणि माती जाळली म्हणून धूर लागला. टंचाईचा डाग होता. पुढे त्याचे कुंकू झाले.

आता चवीकडे वळतो. भाच्याने आधी थोडे पाणी घातले. साडेपंचावन्न टक्क्यांना पाण्याशिवाय तोंड लावणे म्हणजे कवितेतले सगळे शब्द एकदम ओरडून म्हणणे. अर्थ ऐकूच येत नाही. पाण्याने जळजळ मावळली आणि वास मोकळे झाले. गोव्याची व्हिस्की जिभेवर प्रथम गोड लागली. हा गोडवा साखरेचा नव्हे. गुऱ्हाळात कढईच्या काठाला लागून करपलेल्या काकवीचा. मग त्या गोडीवर धूर पसरला, घशाखाली ऊब उतरली, आणि शेवटी, बऱ्याच वेळाने, तोंडात राख उरली. लफ्रॉइगचे तसे नव्हे. तेथे धूर पाहुणा नाही, घरमालक आहे. गोडी असलीच तर ती त्याच्या परवानगीने दारात उभी. पहिला घोट मला कडू औषधासारखा लागला. दुसरा घेताना मी तो पहिल्यासारखाच लागावा अशी इच्छा करीत होतो, हे माझ्या ध्यानात आले आणि गंमत वाटली.

वाशीमच्या माणसाला अशा वेळी साहित्यशास्त्र आठवले तर त्याला हसू नये. आमचे गाव म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या ह्यांचे लग्न ह्याच गावात लावून दिले आहे. माधुर्य आणि प्रसाद हे गुण सांभाळणारी वैदर्भी रीती आमच्या मुलखाची. तिच्या उलट जोरकस, ओजस्वी, लांबलचक समासांची ती गौडी. गंमत अशी की मनूने सुरेचे तीन प्रकार सांगितले आहेत त्यांतही एक ‘गौडी’ आहे. पण ती गुळाची. पिठाची ती पैष्टी, आणि मधाची किंवा मोहाची ती माध्वी. ह्या हिशेबाने माझ्यापुढचे दोन्ही पेले जातीने पैष्टी होते. रीतीने मात्र लफ्रॉइग निखळ गौडी आणि गोव्याची व्हिस्की गौडीचा समास अंगावर घेतलेली वैदर्भी.

हा समास उसना आहे. गोव्याच्या व्हिस्कीचे जव भारतातले. पण तो जव धुरवण्यासाठी लागणारे पीट स्कॉटलंडहून येते. उसने म्हणून मी नाक मुरडणार नाही. देवलांनी ‘ऑथेल्लो’चा ‘झुंजारराव’ केला तेव्हा कथानक उसनेच होते. रूपांतराची कसोटी एवढीच, की परकी वस्तू नव्या मातीत रुजली की नुसती खोवून ठेवली. ह्या कसोटीवर गोव्याची व्हिस्की अर्धी उतरते. जे तिचे स्वतःचे आहे ते गोव्याचे ऊन. स्कॉटलंडच्या थंडीत पिंपातली व्हिस्की वर्षाला शेकडा दोनच्या आसपास उडून जाते; गोव्याच्या उकाड्यात आठच्या आसपास. जे हवेत जाते त्याला ते लोक देवदूतांचा वाटा म्हणतात. आमच्याकडचे देवदूत चौपट तहानलेले दिसतात! पण त्याच उन्हाने व्हिस्की लाकडाशी लवकर एकजीव होते, आणि ती करपलेल्या काकवीची गोडी तेथूनच येत असावी असे मला वाटते. ती गोडी अस्सल आहे. धूर मात्र पहिल्या दोन घोटांत गोडीच्या वर तरंगत राहतो. हे नाटक भाषांतरित आहे हे पात्रांच्या बोलण्यावरून कळावे तसे. तिसऱ्या घोटाला दोन्ही मिसळतात. आणि शेवटची राख जरा अधिक रेंगाळते. तेवढा दोष मी नोंदवून ठेवतो. बाकी, धाडस म्हणून ही व्हिस्की मला आवडली.

मी एवढे बोललो तेव्हा भाचा म्हणाला, “मामा, पण धूरच हवा होता तर तो तिकडून कशाला आणायचा? आपल्याकडे धुराला काय तोटा होता?”

त्या रात्री मला झोप आली नाही, ती व्हिस्कीमुळे नव्हे, ह्या प्रश्नामुळे. तोटा नव्हता, हे खरेच. मग आपल्याला आपल्या धुराची चव का कळू नये? आणि मुळात जे डोळ्यांना झोंबते, घशाला जाळते, ते माणसाला रुचतेच कसे?

हा दुसरा प्रश्न मराठी समीक्षेत फार जुना आहे. फक्त तो धुराविषयी नसून अश्रूंविषयी आहे. शोकांत नाटक पाहताना आपण रडतो आणि तरीही पुन्हा तिकीट काढतो, हे कसे? आगरकरांपासून पुढे कितीजणांनी त्यावर डोके चालवले. भरताने तर नाट्यरसाची फोड करताना उदाहरणच जेवणाचे घेतले: नाना व्यंजनांनी सिद्ध केलेले अन्न खाणारा जसा रस चाखतो, तसा सहृदय प्रेक्षक भाव चाखतो. आणि न. चिं. केळकरांनी १९२१ च्या बडोद्याच्या संमेलनात ‘सविकल्प समाधी’ची उपपत्ती मांडली. वाचक दुसऱ्याच्या सुखदुःखाशी एकरूप होतो, पण आपले स्वतःचे भान सोडीत नाही; तो तेथे असतो आणि इथेही असतो. ह्या दुहेरी असण्यातून आनंद होतो.

धुराचेही असेच आहे. मडगावच्या गॅलरीत बसून मी चुलीपाशी होतो आणि नव्हतोही. डोळे चुरचुरत नव्हते; नको वाटले असते तर पेला खाली ठेवायची मुभा होती. ही मुभा असल्यामुळेच तो धूर मला रस वाटला. पण ज्या धुराची मला आठवण आली तो धूर गिळणाऱ्या बाईला ही मुभा नव्हती. आमच्या घरात गॅस आला तो १९९८ साली. वाशीम जिल्हा झाला त्याच साली. तोवर माझी आई रोज दोन वेळा त्या धुरात बसली. पावसाळ्यात तिच्या खोकल्यावरून आम्हांला कळे, की स्वयंपाक कुठवर आला. केळकरांनी विकल्प हा शब्द शास्त्रातल्या अर्थाने वापरला. आपण तो व्यवहारात पर्याय ह्या अर्थाने वापरतो. मला वाटते, आस्वादाच्या मुळाशी दोन्ही अर्थ एकत्र आहेत. ज्याला पर्याय आहे त्यालाच समाधी सविकल्प. ज्याला पर्याय नाही त्याच्यासाठी तो रस नव्हे, नुसता धूर.

भाच्याच्या प्रश्नाचे उत्तर मला ह्यात सापडले. आयलाच्या धुरापासून आपण दूर आहोत, म्हणून तो आपल्याला चाखता येतो. आपला धूर अजून फार जवळ आहे. त्याच्यात अजून आईचा खोकला आहे.

घरी आल्यावर मी आईला ही हकीकत सांगितली. मास्तर मुलाने दारू चाखली हे तिला सांगताना जीभ जरा अडखळली. पण तिचे लक्ष दुसरीकडेच होते.

“वास कशाचा येते म्हनलास तिचा?”

“चुलीचा. ओल्या गोवरीचा.”

“अन् त्याचे पयसे देतेत लोक?”

“हजारांनी देतात.”

ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग पदर तोंडाला लावून हसत म्हणाली, “मंग माहे किती झाले असतीन रे!”

ह्यावर समीक्षकाने बोलू नये हेच बरे. पण न्यायासाठी आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर लेख आईच्या बाजूने एकतर्फी होईल आणि ते तिलाच आवडणार नाही. दिवाळी सरली की महिन्याभराने चंपाषष्ठी येते. त्या दिवशी खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य. गॅस आल्यापासून रोजचे वांगे गॅसवरच भाजले जाते. पण त्या दिवशी आई परसात तुराट्या पेटवते, वांगी त्यांत टाकते आणि गोवऱ्यांच्या आरात रोडगे पुरते. सून म्हणते, “आई, गॅसवर होईल की!” त्यावर तिचे एकच उत्तर: गॅसवरच्या भरताला वास नसतो. वर्षातून एकदा, स्वतःच्या मर्जीने, वाऱ्याची दिशा पाहून, धुराच्या अलीकडे बसून ती ते भाजते. डोळ्यांत धूर गेला तर पाट सरकवते.

मला वाटते, व्हिस्कीच्या त्या पेल्याचे खरे रसग्रहण तेथे आहे. यंदा भाच्याला चंपाषष्ठीला बोलावले आहे. त्याने बाटली आणू नये असे बजावले आहे. येथे धूर घरचा आहे, आणि आता तो चाखण्यासारखा झाला आहे.