न्यूग्रेंज : पांढऱ्या भिंतीचा पाठ

आयर्लंडमधील न्यूग्रेंजचे महापाषाणीय थडगे इसवी सनपूर्व ३२००च्या सुमाराचे. एकेक शिळा आत सरकवत, चुन्याविना रचलेले त्याच्या दालनाचे सहा मीटर उंच छत मूळचे आहे. दर्शनी पांढऱ्या भिंतीला मात्र माझा आक्षेप आहे. १९६२ ते १९७५ या काळात उत्खनन करणाऱ्या मायकेल ओ'केली यांना तिथल्या गारगोट्या पायथ्याशी पसरलेल्या सापडल्या. त्या ढासळलेल्या भिंतीच्याच, असे मानून भिंत उभारली गेली. ती तोलायला काँक्रीट लागले. गारगोट्या मुळात जमिनीवरच अंथरल्या असाव्यात, असेही काही अभ्यासक मानतात. ग्रंथाच्या चिकित्सक आवृत्तीत संपादकाची भर कंसात दिसते. इथे कंसच नाही. म्हणून विसाव्या शतकातले अनुमान पाहणाऱ्याला पाच हजार वर्षांपूर्वीचा पुरावा वाटते.